मूळपेशींपासून केलेल्या बीटा पेशी आणि टाईप १ मधुमेह : खरोखर काय साधले आहे?

वर्धाकाठचा मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझी मुलगी ११ वर्षांची आहे. वयाच्या ८ व्या वर्षी तिला टाईप १ मधुमेह असल्याचे कळले. आरंभी आम्हाला वाटले की तिला उन्ह लागले आहे. ती सारखी पाणी मागत होती, रात्री लघवीला चार-चार वेळा उठत होती. उलट्या होऊन ती निपचित पडली तेव्हा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, आणि तेथे साखर मोजण्याच्या यंत्रावर आकडा न येता नुसते 'हाय' असे उमटले. त्या दिवसापासून दिवसाला चार इंजेक्शने आणि बोटाला चार-पाच टोचण्या हा आमच्या घराचा नेम आहे.

होळीच्या सुमारास तूर विकून झाली आणि त्याच आठवड्यात एका खासगी केंद्राचा प्रतिनिधी गावात येऊन गेला. मूळपेशींची तीन सलाईन लावली की सहा महिन्यांत इन्सुलिन बंद होते, खर्च ३.५ लाख रुपये, असे त्याने सांगितले. पुरावा म्हणून त्याने मोबाईलवर चीनमधील एका तरुणीची बातमी दाखवली. ती बातमी मी नंतर शोधून वाचली. ती खरी आहे, आणि ती खरी असल्यामुळेच माझी अडचण वाढली आहे. माझे वडील म्हणतात की दोन एकर गहाण टाकू, पण नातीचे टोचणे सुटले पाहिजे.

माझा पहिला प्रश्न असा की त्या तरुणीला जे दिले गेले तेच हे सलाईन आहे का. नसेल, तर माझ्यासारख्या माणसाने ते ओळखायचे कसे? आणि मुलीला मी काय सांगू? ती मला विचारते की बाबा, हे कधी संपणार. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पांढरकवड्याचा शेतकरी

गुरुजी, जाणकार लिहितीलच, पण तोपर्यंत एक रुपयाही देऊ नका. माझ्या मावसभावाने गुडघ्यासाठी अशाच 'पेशी' घेतल्या होत्या. पैसे गेले, गुडघा होता तसाच आहे, आणि कशाच्या पेशी टोचल्या याचा एक कागदसुद्धा त्याच्याकडे नाही.

धानोऱ्याची डॉक्टर

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येईल, परंतु ते तुमच्या वडिलांना पटवून द्यायचे असेल तर मुळापासून सांगितले पाहिजे. म्हणून थोडे लांबेल.

आपल्या स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे असतात. १८६९ साली पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती प्रथम पाहिली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जातात. एका स्वादुपिंडात अशी सुमारे १० लाख बेटे असतात, पण त्या सर्वांचे वजन मिळून स्वादुपिंडाच्या शेकडा एक-दोन भागच भरते. या बेटांतील बीटा पेशी रक्तातील साखर क्षणोक्षणी जोखतात आणि लागेल तेवढेच इन्सुलिन सोडतात. टाईप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती याच पेशींना परके समजून मारून टाकते. इन्सुलिनचे इंजेक्शन कितीही चांगले असले तरी ते साखर जोखू शकत नाही, जोखण्याचे काम तुमच्या मुलीला आणि तुम्हाला करावे लागते. गेलेली पेशीच परत आणून ठेवावी हा विचार त्यातून आला.

तो विचार प्रथम मृत दात्यांच्या बेटांवर करून पाहिला गेला. २००० साली कॅनडातील एडमंटन येथे जेम्स शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ रुग्णांच्या यकृतात दात्यांची बेटे सोडली आणि सातही जणांचे इन्सुलिन बंद झाले. तेव्हा जगभर मोठी आशा निर्माण झाली. परंतु पाच वर्षांनी पाहणी झाली तेव्हा इन्सुलिनशिवाय राहू शकणारे शेकडा दहाच्या आसपास उरले होते. बहुतेकांच्या शरीरात थोडेफार इन्सुलिन तयार होत होते, पण ते पुरत नव्हते. शिवाय एका रुग्णाला बहुधा दोन किंवा अधिक दात्यांची बेटे लागत. दाते मोजके आणि रुग्ण लाखो, त्यामुळे हा मार्ग सर्वांसाठी होणे शक्यच नव्हते.

मूळपेशींचे महत्त्व येथे आहे. मूळपेशी म्हणजे जिचे अजून काहीच ठरलेले नाही अशी पेशी. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून अशा पेशी वेगळ्या करून वाढवल्या. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना पुन्हा त्या आरंभीच्या अवस्थेत नेऊन दाखवले, आणि त्यासाठी २०१२ चे नोबेल त्यांना मिळाले. पण मूळपेशी मिळाली म्हणजे बीटा पेशी मिळाली असे होत नाही. गर्भात स्वादुपिंड ज्या क्रमाने घडते तोच क्रम प्रयोगशाळेत, योग्य वेळी योग्य रसायने देत, चार-पाच आठवडे सांभाळावा लागतो. एक पायरी चुकली तर भलत्याच पेशी तयार होतात.

हे काम नीट जमवणाऱ्यांपैकी एक म्हणजे तेव्हा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात असलेले डग्लस मेल्टन. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण तेही तुमच्यासारखेच बाप आहेत. १९९१ साली त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला टाईप १ झाला. त्यांनी आधीचे बेडकांवरील संशोधन सोडून आयुष्य या एका प्रश्नाला वाहिले. पुढे मुलीलाही हाच आजार झाला. साखर वाढली की इन्सुलिन सोडणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात तयार करण्याची रीत त्यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे जाणत्या माणसाला, सर्व साधने हाताशी असताना, यासाठी दोन दशकांहून अधिक काळ लागला.

त्यांनी स्थापन केलेली कंपनी २०१९ मध्ये व्हर्टेक्स या अमेरिकी औषध कंपनीने विकत घेतली. त्या पेशी २०२१ पासून माणसांना देण्यास सुरुवात झाली, आणि जून २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांचे इन्सुलिन वर्षभरानंतर पूर्णपणे बंद होते, आणि साखर एकदम उतरून बेशुद्ध पडण्याचे प्रकार बाराही जणांत थांबले. हे यश खरे आहे, आणि ते वाचून मला मनापासून आनंद झाला, हेही येथे लिहिते.

आता त्याची दुसरी बाजू. या पेशी यकृतात रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतून सोडल्या जातात. त्या परक्या असल्यामुळे शरीराने त्या मारू नयेत म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. त्या औषधांपैकी काही मूत्रपिंडाला इजा करतात, आणि त्यांची रक्तातील पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. या अभ्यासात एकूण १४ जण होते आणि त्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला. त्यातील एक मृत्यू मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गाने झाला. दुसरा रुग्णाला आधीपासून असलेल्या मेंदूच्या विकारामुळे झाला. आपल्या भागात क्षयरोग घरोघरी ठाऊक आहे. अनेकांच्या शरीरात तो झोपलेला असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली की जागा होतो. शिवाय अभ्यासात १८ वर्षांखालील कोणालाही घेतले नव्हते, आणि घेतले ते असे प्रौढ रुग्ण की ज्यांना साखर उतरल्याची जाणीवच होत नाही. तुमची मुलगी या दोन्ही अटींच्या बाहेर आहे.

तुम्ही वाचलेली बातमी टायनजिनमधील २५ वर्षांच्या तरुणीची आहे, ती सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. पेकिंग विद्यापीठाच्या डेंग होंगकुई यांच्या गटाने तिच्याच शरीरातील पेशींपासून बेटे तयार करून तिच्या पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवली, आणि ७५ दिवसांनी तिचे इन्सुलिन थांबले. परंतु तिच्यावर आधीच यकृताचे प्रत्यारोपण झाले होते आणि त्यासाठी ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतच होती. त्यामुळे स्वतःच्या पेशी औषधांशिवाय टिकल्या असत्या का, याचे उत्तर तिच्या उदाहरणातून मिळत नाही. मूळ आजार तर तोच आहे ना, की शरीर स्वतःच्याच बीटा पेशींना मारते.

आता सलाईनबद्दल. अशा केंद्रांत बहुधा नाळेतून, चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी शिरेतून सोडतात. त्या पेशी शिरेत गेल्यावर प्रथम फुप्फुसात अडकतात, आणि शरीरात जाऊन त्या बीटा पेशी बनत नाहीत. वर सांगितलेल्या पेशी प्रयोगशाळेतच बीटा पेशी बनवून मग दिल्या जातात. दोन्हींचे नाव 'मूळपेशी' एवढेच समान आहे. सरकी आणि कापड या दोन्हींचा संबंध कपाशीशी असतो, म्हणून सरकी अंगावर पांघरता येत नाही.

कोरचीची आई

डॉक्टर ताई, एक शंका आहे. आमच्या पोरीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, त्याचे लाल कार्ड आहे. मोठ्या दवाखान्यात आम्हाला सांगितले की भावाची मज्जा जुळली तर मूळपेशी देऊन आजार बरा होऊ शकतो. मग तेथे मूळपेशी चालतात आणि साखरेला चालत नाहीत, हे कसे? आमच्याकडे आशाताईंनासुद्धा हा प्रश्न पडला आहे.

धानोऱ्याची डॉक्टर

ताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि आपल्या गडचिरोलीत ही गल्लत सर्वांत जास्त होते. मज्जेतील मूळपेशींचे नैसर्गिक कामच रक्त तयार करणे हे आहे. त्यामुळे जुळणाऱ्या भावंडाची मज्जा दिली की ती तिचे नेहमीचे काम नव्या घरात करते. हा उपचार अनेक दशकांचा आहे आणि मान्यताप्राप्त आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे हे प्रत्यारोपण हाच मूळपेशींचा प्रस्थापित उपचार आहे. बाकी कोणत्याही आजारासाठी मूळपेशी द्यायच्या असतील तर त्या केवळ नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीतच देता येतात. मज्जेतील पेशीला बीटा पेशी हो म्हटल्याने ती होत नाही.

जाता जाता एक गोष्ट तुमच्यासाठी. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी खोटी कमी येऊ शकते. घरात कोणाला सिकलसेल आणि मधुमेह दोन्ही असतील तर केवळ त्या आकड्यावर विसंबू नका, बोटाच्या तपासण्या दाखवा.

अकोटचा बागाईतदार

मी स्वतः ३३ वर्षे टाईप १ सह जगतो आहे, आणि डॉक्टर ताईंच्या लिखाणाबद्दल आदर ठेवूनही थोडे वेगळे मांडतो. मला सातवीत असताना सांगितले होते की दहा वर्षांत यावर इलाज निघेल. तेव्हापासून दर दहा वर्षांनी तेच ऐकतो आहे. सावध राहा हे सांगणे सोपे आहे. परंतु गेल्या मृग बहारात संत्र्याच्या बागेत साखर ३८ वर आली आणि मला काहीच कळले नाही. पूर्वी घाम सुटत असे, हात थरथरत, आता काहीच होत नाही. माझ्या सालदाराने मला झाडाखाली पडलेले पाहिले, म्हणून मी आज लिहितो आहे. माझी बायको गेली चार वर्षे रात्री २ वाजता उठून माझा श्वास पाहते. अशा माणसाला उद्या कोणी म्हणाले की जन्मभर गोळ्या घे, संसर्गाचा धोका पत्कर, पण रात्री झोप, तर मी विचार करून हो म्हणेन. धोका आजही आहेच, तो फक्त वेगळ्या बाजूने येतो.

धानोऱ्याची डॉक्टर

दादा, तुमच्याशी माझा मतभेद नाही. त्या अभ्यासात घेतलेले रुग्ण नेमके तुमच्यासारखे होते, आणि तुमच्या बाबतीत तराजू दुसरीकडे झुकू शकतो हे मी मान्य करते. माझे म्हणणे ११ वर्षांच्या, साखर उतरली की भूक लागली म्हणून सांगणाऱ्या मुलीबद्दल होते. तुम्ही मात्र साखर उतरल्यावर वाजणारा, दंडावर लावायचा सेन्सर मिळतो का हे आजच तुमच्या डॉक्टरांना विचारा. शिवाय काही आठवडे साखर मुद्दाम थोडी वर ठेवली तर हरवलेली जाणीव बऱ्याच जणांत काही अंशी परत येते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असते.

तुमची गोळ्यांबद्दलची अडचण सोडवण्याचेही प्रयत्न चालू आहेत. पेशी एका बारीक छिद्रांच्या पिशवीत बंद करून ठेवायच्या, म्हणजे साखर आणि इन्सुलिन आत-बाहेर जाईल पण मारेकरी पेशी आत शिरणार नाहीत, हा विचार फार आकर्षक आहे. परंतु व्हर्टेक्सने अशा पिशवीचा अभ्यास मार्च २०२५ मध्ये थांबवला, कारण तयार होणारे इन्सुलिन उपयोगी पडेल एवढे नव्हते. पिशवीभोवती शरीर जाळे विणते आणि आतल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही, ही या मार्गावरची जुनी अडचण आहे. दुसरा मार्ग म्हणजे पेशींच्या जनुकांतच असा बदल करणे की प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटू नयेत. स्वीडनमधील उप्साला येथे ४२ वर्षांच्या एका गृहस्थाच्या हाताच्या स्नायूत अशा बदललेल्या पेशी ठेवल्या गेल्या, आणि कोणतीही दाबणारी औषधे न देता त्या जिवंत राहून इन्सुलिन करीत असल्याचे ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पेशी दात्याच्या होत्या, मूळपेशींच्या नव्हत्या, आणि मात्रा अगदी लहान असल्यामुळे त्यांचे इंजेक्शन सुटले नाही. तरीही मला विचाराल तर गुरुजींच्या मुलीने ज्या बातमीची वाट पाहावी ती याच दिशेने येईल.

मूर्तिजापूर

माझ्या वडिलांना टाईप २ आहे, वय ६४, इन्सुलिन चालू आहे. त्यांना याचा काही उपयोग?

धानोऱ्याची डॉक्टर

शांघायमध्ये टाईप २ असलेल्या ५९ वर्षांच्या एका रुग्णाला स्वतःच्या पेशींपासून केलेली बेटे दिल्यानंतर ११ आठवड्यांनी इन्सुलिन थांबल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचेही आधी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले होते. एका रुग्णावरून तुमच्या वडिलांसाठी काही ठरवता येत नाही. टाईप २ मध्ये मुख्य दुखणे बहुधा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही हे असते, त्यामुळे नव्या पेशींवरही तोच ताण येईल. त्यांच्यासाठी आज पाय, डोळे आणि लघवीतील प्रथिने यांची वर्षातून एकदा तपासणी करून घेणे जास्त मोलाचे आहे.

दारव्ह्याचे औषधालय

गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, ते मी देतो. त्या प्रतिनिधीला फक्त एक मागा : सीटीआरआय क्रमांक. भारतात माणसांवर होणारी प्रत्येक चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, आणि १५ जून २००९ पासून ते सक्तीचे आहे. नोंदवही संगणकावर सर्वांना खुली आहे. क्रमांक टाकला की चाचणी कोणत्या आजारासाठी, कोठे आणि कोणाच्या जबाबदारीवर चालू आहे हे दिसते. आणि खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. ३.५ लाख मागितले, येथेच शंका यायला हवी.

दुसरे, सी-पेप्टाईड ही तपासणी समजून घ्या. शरीर स्वतः इन्सुलिन तयार करते तेव्हा त्याच्याबरोबर सी-पेप्टाईड नावाचा तुकडा सुटतो. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणून नव्या पेशी खरोखर काम करतात की नाही हे या तपासणीवरून कळते. 'आमच्या रुग्णांना बरे वाटते' असे कोणी सांगू लागला तर त्याला उपचारापूर्वीचे आणि नंतरचे सी-पेप्टाईड मागावे.

आणि एक गोष्ट माझ्या दुकानातली. एप्रिल-मे मध्ये अनेकांची साखर विनाकारण वाढते. मी विचारतो की बाटली कोठे ठेवता, तर उत्तर येते, टिनाच्या छपराखाली फळीवर, किंवा वीज नसलेल्या फ्रीजमध्ये. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत हवी. उघडलेली सुमारे चार आठवडे साध्या तापमानात चालते, पण साधे तापमान म्हणजे २५-३० अंश, आपले ४५ नव्हे. मोठ्या मडक्यात वाळू घालून त्यात लहान मडके बसवा, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा, बाटली डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओले फडके झाका, आणि मडके सावलीत पण वारा लागेल असे ठेवा. आपली हवा मे महिन्यात कोरडी असते, म्हणून हे आपल्याकडे कोकणापेक्षा चांगले साधते. बर्फाला मात्र बाटली टेकू देऊ नका, गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

वर्धाकाठचा मास्तर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

तो प्रतिनिधी पुन्हा आला होता. मी सीटीआरआय क्रमांक मागितला. त्याने एक क्रमांक लिहून दिला, तो आमच्या शाळेच्या संगणकावर तपासला, तर त्या नोंदवहीत तो नव्हताच. फोनवर विचारले तेव्हा तो केंद्राच्या दुकान-आस्थापना नोंदणीचा असल्याचे त्याने मान्य केले. सी-पेप्टाईडबद्दल विचारल्यावर त्याने फोन ठेवला. वडिलांनी हे सर्व शेजारी बसून ऐकले. ते काही बोलले नाहीत, परंतु गहाणखतासाठी काढून ठेवलेला सातबारा त्यांनी स्वतःच पेटीत परत ठेवला.

मुलीला मी धाग्यातील मेल्टन यांची गोष्ट सांगितली. तिने विचारले की त्यांची मुले आता केवढी आहेत. मी म्हणालो, तुझ्या बाबांएवढी नसली तरी मोठी झाली आहेत. ती म्हणाली, म्हणजे ती इन्सुलिन घेत घेतच मोठी झाली ना.

दारव्ह्याच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे दोन मडकी आणली. वाळू वर्धा नदीची आहे. शाळेच्या प्रयोगपेटीतील तापमापी मुलीने आतल्या मडक्यात ठेवली, आणि ती रोज दुपारी ३ वाजता आकडा वहीत लिहिते. काल ओसरीवर ४४ होते, मडक्यात २७. परवा वाळू भिजवायची राहिली होती तर ३३ झाले, तेही तिने लाल शाईने लिहून ठेवले आहे.